पाच वाजता बंद होणारं कोर्ट



मागच्या शनिवारी एका मित्राकडे मिसळीचा बेत होता. ऑस्टिनमधली नेहमीची मराठी टोळी, सगळे आयटीवाले. व्हिसा, घरांच्या किमती आणि कोणाच्या कंपनीत किती जणांना नारळ मिळाला हे विषय जेवताना संपले आणि मग रिवाजाप्रमाणे गाडी "आपल्या देशाचं काय होणार" या स्टेशनात शिरली. त्या दिवशी नंबर कोर्टांचा होता. वर्षानुवर्षं पडून राहिलेले खटले, तारखांवर तारखा, न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमायची कॉलेजियमची पद्धत... सगळं रीतसर झोडपून झालं. आणि मग एक जण हातातला पाव खाली ठेवून म्हणाला, "इथे बघा ना. टेक्सासमध्ये जज लोकांनी निवडून दिलेला असतो. नीट काम केलं नाही की पुढच्या निवडणुकीत घरी. आपल्याकडे हेच पाहिजे."

पाच-सहा माना डोलल्या. मी गप्प बसलो. एक तर वादातले मुद्दे मला दोन तासांनी सुचतात, गाडी चालवत घरी येताना. आणि दुसरं म्हणजे हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हा वीकेंड त्यावर घालवतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच बाह्या सरसावता येतील. न्यायाधीश निवडणुकीने नेमले की ते जबाबदार होतात, हे खरंय. पण कशाला जबाबदार? कामाला नाही. पक्षाला, प्रचाराच्या पैशाला आणि त्या वर्षीच्या हवेला. हे सिद्ध करायला मला मोठमोठे सिद्धान्त नकोत. आम्ही मिसळ खात होतो त्याच गावात, राज्याच्या कॅपिटॉलजवळच्या एका इमारतीत तीस वर्षं बसलेल्या एका बाईंची कारकीर्द पुरेशी आहे. त्यांचं नाव शॅरन केलर.

(मी वकील नाही. साधा संगणक अभियंता आहे आणि इथे मला मतही नाही. पण दुसऱ्याचा कोड वाचून बग कुठे आहे ते शोधणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्याच नजरेने वाचलंय.)

आधी थोडी ओळख

टेक्सासला सर्वोच्च न्यायालयं दोन आहेत. एक दिवाणी कामांसाठी, दुसरं फौजदारी. हे फौजदारीवालं म्हणजे कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स. नऊ न्यायाधीश, सहा वर्षांची मुदत, आणि निवड राज्यभरच्या निवडणुकीतून, तीही पक्षाच्या तिकिटावर. राज्यात कोणालाही देहान्ताची शिक्षा झाली की अपील आपोआप थेट याच कोर्टात येतं. १९८२ साली टेक्सासने देहान्ताची अंमलबजावणी पुन्हा सुरू केली. तेव्हापासून ५९० हून जास्त माणसांना विषाचं इंजेक्शन दिलं गेलंय, अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे या कोर्टाच्या टेबलावर येणारी फाइल ही बऱ्याचदा अक्षरशः कोणाच्या तरी जिवाची फाइल असते.

केलरबाई मूळच्या डॅलसच्या. वडिलांचं बर्गरचं ड्राइव्ह-इन तिथे प्रसिद्ध. बाईंनी आधी राइस विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मग कायदा शिकल्या आणि डॅलस काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात अपिलांचं काम करू लागल्या. हुशार होत्या, यात शंका नाही. १९९४ साली रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. या कोर्टावर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. २००० साली त्या कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या आणि २००६, २०१२, २०१८ अशा दर सहा वर्षांनी मतदारांनी त्यांना पुन्हा तिथेच बसवलं.

आता १९९४ च्या त्याच निवडणुकीची एक गंमत. त्याच पक्षाच्या लाटेत स्टीफन मॅन्सफील्ड नावाचे एक गृहस्थही याच कोर्टावर निवडून आले. आपल्या फौजदारी अनुभवाबद्दल त्यांनी भरमसाट थापा मारल्या होत्या, मूळचे ते विम्याच्या कामातले वकील, आणि हे सगळं मतदानाच्या आधी उघडकीला आलेलं होतं. तरी ते निवडून आले. का? कारण तेव्हा टेक्सासमध्ये मतपत्रिकेवर एकच खूण करून एका पक्षाच्या सगळ्याच उमेदवारांना मत देता यायचं. (ही सोय २०२० पासून बंद झाली.) लोकांनी पक्षाला मत दिलं, सोबत न्यायाधीश फुकट आला. आपल्याकडे दिवाळीला मिक्सरवर इस्त्री मोफत मिळते तसा.

इंटरव्ह्यूमध्ये रेझ्युमेवरची एक खोटी ओळ सापडली तर आपण उमेदवाराला परत पाठवतो. इथे देहान्ताची अपिलं ऐकणाऱ्या माणसाचा रेझ्युमे खोटा निघाला, आणि ऑफर लेटर तरी गेलं.

पुरावा दिला तरी

पुढची गोष्ट रॉय क्राइनरची. १९८६ साली एका सोळा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्या बलात्काराबद्दल १९९० मध्ये क्राइनरला ९९ वर्षांची शिक्षा झाली. १९९७ मध्ये डीएनए चाचणी झाली. सापडलेलं वीर्य त्याचं नव्हतं. ज्या कोर्टाने हा पुरावा तपासला, त्या खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी खटला नव्याने चालवा अशी शिफारस केली.

१९९८ मध्ये कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्सने ती फेटाळली. बहुमताचा निकाल केलरबाईंनी लिहिला. पुढे २००० मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यांनी कारण सांगितलं, ते साधारण असं: वीर्य त्याचं नसेल, पण कदाचित त्याने कंडोम वापरला असेल. मग अशा माणसाने आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं तरी कसं, असं विचारल्यावर बाईंचं उत्तर होतं, मला माहीत नाही.

मंडळी, इथे क्षणभर थांबा. सरकारी पक्षाने खटल्यात कंडोमची कथा ज्युरीपुढे मांडलीच नव्हती. ही शक्यता अपिलात, निकाल वाचवायला, बाहेरून आणून जोडलेली. आपल्याकडे एखादा डेव्हलपर टेस्ट फेल झाल्यावर कोड दुरुस्त न करता टेस्टच बदलतो ना, अगदी तसं.

त्याच कोर्टातले त्यांचे सहकारी न्यायाधीश टॉम प्राइस यांनी जाहीरपणे म्हटलं की या निकालाने आपलं कोर्ट देशभर हसण्याचा विषय झालंय. ऑगस्ट २००० मध्ये क्राइनरला माफी मिळाली आणि तो सुटला. माफी कोणी दिली? तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी. म्हणजे देहान्ताच्या बाबतीत अजिबात मवाळ म्हणता येणार नाही अशा माणसालाही जे दिसलं, ते कोर्टाच्या बहुमताला दिसलं नाही.

आणि मतदारांनी काय केलं? त्याच वर्षी, २००० च्या नोव्हेंबरमध्ये, केलरबाईंना बढती दिली. मुख्य न्यायाधीश केलं.

२५ सप्टेंबर २००७

आता तो दिवस, ज्यामुळे हे कोर्ट जगभर माहीत झालं. मी तेव्हा नाशकात पाचवीत होतो, त्यामुळे हे सगळं नंतर कागदोपत्री वाचलेलं.

मायकल रिचर्ड नावाच्या कैद्याला त्या संध्याकाळी सहानंतर हंट्सव्हिलच्या तुरुंगात इंजेक्शन द्यायचं होतं. त्याने १९८६ साली एका नर्सवर बलात्कार करून तिचा खून केला होता. तो निर्दोष होता वगैरे माझं म्हणणं नाही, कृपया तसा अर्थ काढू नका.

त्या सकाळी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने केंटकी राज्यातला एक खटला सुनावणीला घेतला. प्रश्न असा होता की विषाच्या इंजेक्शनची ही पद्धतच घटनाबाह्य आहे का. म्हणजे ज्या पद्धतीने रिचर्डला संध्याकाळी मारायचं होतं, नेमकी तीच पद्धत देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टासमोर. त्याचे वकील ह्यूस्टनमध्ये घाईघाईने नवा अर्ज लिहायला बसले. कोर्ट ऑस्टिनमध्ये. ई-मेलने अर्ज घेण्याची सोय तेव्हा कोर्टात नव्हती, कागदच हवा. वकिलांना उशीर होऊ लागला. त्यांनी कोर्टात फोन करून विचारलं, पाचनंतर थोडा वेळ थांबाल का?

केलरबाई त्या दुपारी लवकर घरी गेल्या होत्या, घरी दुरुस्तीवाला यायचा होता. पावणेपाचच्या सुमारास कोर्टाचे कायदा अधिकारी एड मार्टी यांनी त्यांना फोन करून ही विनंती कळवली. बाईंनी नकार दिला. कचेरी पाचला बंद होते.

आता खरा बग बघा. त्या कोर्टात देहान्ताच्या दिवशीची एक पद्धत होती, तेव्हा तोंडीच होती. प्रत्येक प्रकरणासाठी एक न्यायाधीश नेमलेला असायचा आणि त्या दिवशीचं जे काही येईल ते त्याच्याकडे पाठवायचं. रिचर्डच्या प्रकरणात त्या न्यायाधीश होत्या शेरिल जॉन्सन. त्या संध्याकाळी कोर्टातच बसून होत्या, असा अर्ज येईल म्हणून वाट बघत. त्यांना कोणी काही सांगितलंच नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर जॉन्सनबाई ऑन-कॉल होत्या. मध्यरात्री अलर्ट आला की ज्याची पाळी आहे त्याला उठवायचं, हे आमच्याकडे कॅम्पसमधून परवा आलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. मॅनेजरने परस्पर "उद्या बघू" म्हणून तिकीट बंद करायचं नसतं. आणि आमच्या तिकिटात फार तर एखाद्या वेबसाइटचं पेमेंट अडकलेलं असतं.

राज्याच्या कोर्टात अर्जच दाखल झाला नाही, त्यामुळे वर मागायलाही भक्कम आधार राहिला नाही. त्या रात्री सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि ८ वाजून २३ मिनिटांनी रिचर्ड मेला. दोनच दिवसांनी त्याच टेक्सासच्या दुसऱ्या एका कैद्याला याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यानंतर मे २००८ पर्यंत, सात महिन्यांहून जास्त काळ, अख्ख्या अमेरिकेत एकाही माणसाला मृत्युदंड दिला गेला नाही. रिचर्ड त्या आधीचा शेवटचा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी पण निवडणुकीचा प्रचारच करतोय असं वाटेल. एप्रिल २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत वैध ठरवली. म्हणजे रिचर्डला बहुधा पुढे कधीतरी इंजेक्शन मिळालंच असतं. या प्रकरणाची चौकशी झाली तेव्हा विशेष न्यायाधीशांनी मोठा दोष रिचर्डच्या वकिलांवर ठेवला: त्यांनी अर्ज आधी तयार करायला हवा होता, आणि कचेरी बंद असली तरी अर्ज थेट कुठल्याही न्यायाधीशाच्या हातात देता आला असता. हे खरंय. पण त्याच अहवालात बाईंचं वागणं लोकसेवकाला साजेसं नव्हतं हेही लिहिलंय. आणि माझा मुद्दा रिचर्ड जगला असता की नाही हा नाहीच. अर्ज फेटाळायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं कोर्टाने द्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मग जबाब कोणी विचारला?

वकिलांनी तक्रारी केल्या. २००९ मध्ये न्यायाधीशांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या राज्य आयोगाने आरोप ठेवले, सुनावणी झाली. जुलै २०१० मध्ये आयोगाने बाईंना जाहीर ताकीद दिली. ऑक्टोबरमध्ये तीही रद्द झाली! कारण वाचून मी हसावं की रडावं या विचारात पडलो. अशा औपचारिक कारवाईनंतर आयोगाला निर्भर्त्सना करता येते, पदावरून काढण्याची शिफारस करता येते किंवा प्रकरण बंद करता येतं, पण 'ताकीद' हा पर्यायच यादीत नाही. चुकीची व्हॅल्यू पाठवली म्हणून रिक्वेस्ट रिजेक्ट. केस क्लोज्ड.

त्याच सुमारास आणखी एक भानगड बाहेर आली. संपत्तीच्या वार्षिक विवरणात बाईंनी वीस लाख डॉलरहून जास्त किमतीची मालमत्ता दाखवलीच नव्हती. वडील परस्पर माझ्या नावावर घेत होते, हे त्यांचं स्पष्टीकरण. राज्याच्या एथिक्स कमिशनने २०१० मध्ये एक लाख डॉलर दंड ठोठावला. पुढे तडजोडीत तो पंचवीस हजारांवर आला.

आता मित्राच्या सिद्धान्तानुसार काय व्हायला हवं होतं? "नीट काम केलं नाही की पुढच्या निवडणुकीत घरी." बरोबर? पुढची निवडणूक आली २०१२ मध्ये. क्राइनर झाला होता, रिचर्ड झाला होता, दंड झाला होता, देशभरच्या वर्तमानपत्रांनी टीका केली होती. केलरबाई निवडून आल्या. २०१८ मध्ये परत आल्या.

मतदार मूर्ख होते का? अजिबात नाही. ह्यूस्टनसारख्या ठिकाणी मतपत्रिकेवर नुसत्या न्यायाधीशांचीच नावं डझनांनी असतात. नोकरी, पोरं, ट्रॅफिक सांभाळून कोण त्या प्रत्येकाचे निकाल वाचणार? मी स्वतः अपार्टमेंटच्या लीजची पानं न वाचता सही केलीय. लोक पक्षाचं नाव बघतात आणि पुढे सरकतात. त्यात चूक माणसांची नाही, त्यांना चुकीचं काम दिलंय.

आणि शेवटी हरल्या, पण कशामुळे?

इथे कोणी म्हणेल, अरे पण २०२४ मध्ये लोकांनी त्यांना घरी पाठवलंच की! उशिरा का होईना, पद्धत चालली!

पाठवलं, खरंय. कशासाठी ते ऐका.

टेक्सासच्या एका काउंटीच्या शेरीफवर निवडणूक निधीच्या हिशेबावरून आरोप होते. तिथल्या स्थानिक सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. मग राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्या कार्यालयाने स्वतःच, तेही शेजारच्या काउंटीत जाऊन, आरोपपत्र मिळवलं. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्सने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला: टेक्सासच्या घटनेत खटले चालवायचा अधिकार स्थानिक सरकारी वकिलांचा आहे, अ‍ॅटर्नी जनरलला आपणहून असा खटला भरता येणार नाही. आणि हे लक्षात घ्या, कोर्टावरचे नऊच्या नऊ न्यायाधीश रिपब्लिकन. पॅक्स्टनही रिपब्लिकन. म्हणजे आठ जणांनी स्वतःच्या पक्षाच्या बलाढ्य माणसाला सांगितलं, घटना तुम्हाला हे करू देत नाही. त्या आठांत केलरबाई होत्या.

न्यायाधीशाने जे करायचं असतं, ते हेच. तीस वर्षांच्या कारकीर्दीतल्या ज्या निकालाबद्दल मी बाईंना उभं राहून टाळ्या वाजवीन, तो हा.

पॅक्स्टन यांनी यावर मोहीम उघडली. २०२४ ला या कोर्टातल्या तीन जणींची मुदत संपत होती: केलर, बार्बरा हर्वी आणि मिशेल स्लॉटर. त्या निवडणुकीतला घोटाळा मोकाट सोडतात, असा प्रचार झाला. ५ मार्च २०२४ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या आतल्या निवडणुकीतच, तिघीही पडल्या. केलरबाईंना डेव्हिड शेंक यांनी मोठ्या फरकाने हरवलं. वर्षाअखेर त्यांची कारकीर्द संपली.

आता हा हिशेब मांडून बघा. डीएनए पुराव्याकडे पाठ फिरवली: बढती. मरणाच्या दारातल्या माणसाचा अर्ज पाच वाजले म्हणून अडवला: पुन्हा निवड. मालमत्ता दाखवली नाही, दंड झाला: पुन्हा निवड. स्वपक्षाच्या माणसाला घटनेची मर्यादा दाखवली: हकालपट्टी.

टेस्ट पास झाली म्हणून आनंद मानणारा कच्चा इंजिनिअर. ती कोणत्या कारणाने पास झाली ते बघणारा पक्का. हा परफॉर्मन्स रिव्ह्यू ज्याने तयार केला, त्याच्याकडून मी माझं अप्रेझल करून घेणार नाही. तुम्ही घ्याल?

आणि बाईंच्या जागी आलेल्या, पुढे येणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाने यातून काय शिकायचं? तो धडा मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. चुकीचा निकाल दिलात तर चालून जाईल. आपल्यातल्या मोठ्या माणसाला दुखवलंत तर नाही चालणार.

हे एकट्या टेक्सासचं नाही

"टेक्सास म्हणजे टेक्सासच रे," असंही कोणी म्हणेल. मग कॅलिफोर्निया घ्या, आपल्या निम्म्या बॅचमेट्सची पंढरी. तिथे १९८६ मध्ये राज्याच्या सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी यांना मतदारांनी काढून टाकलं, प्रचाराचा मुख्य मुद्दा देहान्ताच्या शिक्षा रद्द केल्याचा. वेस्ट व्हर्जिनियात २००४ मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला निवडून आणायला तीस लाख डॉलर ओतले, तो निवडून आला, आणि मग त्या कंपनीचंच पाच कोटींचं प्रकरण त्याच्यासमोर आलं. तो बाजूला झाला नाही. शेवटी २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, बाबा, हे चालणार नाही. टेक्सासचेच माजी सरन्यायाधीश वॉलेस जेफरसन, जे स्वतः अशाच निवडणुका जिंकलेले, पदावर असतानाच पक्षाच्या तिकिटावर न्यायाधीश निवडणं बंद करा म्हणून सांगत होते.

आता आपल्याकडे वळूया

कारण मिसळीच्या पंगतीत मूळ मुद्दा तोच होता.

३० जुलै २०१५ आठवतो? याकूब मेमनला त्या सकाळी नागपूरला फाशी व्हायची होती. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचा खटला. ते स्फोट आपल्या घराघरांत आठवणीत आहेत, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणाला पाझर फुटायचं कारण नव्हतं. तरीही दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने पहाटे तीननंतर कोर्ट उघडलं. तीन न्यायमूर्ती बसले, वकिलांचं म्हणणं ऐकलं, अर्ज फेटाळला. त्याच सकाळी फाशी झाली. २० मार्च २०२० ला दिल्लीच्या निर्भया प्रकरणातही तसंच. मध्यरात्रीनंतर सुनावणी, अर्ज फेटाळला, पहाटे फाशी.

तेव्हा आपल्याच लोकांनी किती आरडाओरडा केला होता. दहशतवाद्यासाठी रात्री कोर्ट उघडता? सामान्य माणसाला वर्षानुवर्षं तारीख मिळत नाही! तुंबलेल्या खटल्यांबद्दलचा राग अगदी रास्त आहे. पण ते दार उघडलं म्हणून आज कोणीही म्हणू शकत नाही की याकूबचं म्हणणं ऐकलंच नाही. रिचर्डच्या बाबतीत ते कायम म्हटलं जाणार.

आता कल्पना करा की त्या तीन न्यायमूर्तींना चार महिन्यांनी मतं मागायला जायचं होतं. रात्री तीनला त्यांनी दार उघडलं असतं? हा प्रश्न मी पुढच्या वेळी पाव खाली ठेवणाऱ्या मित्राला विचारणार आहे.

"म्हणजे तू कॉलेजियमच्या बाजूचा का?" नाही हो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक आयोगाची घटनादुरुस्ती रद्द केली आणि न्यायाधीशच न्यायाधीश निवडणार हे कायम ठेवलं. बंद खोलीत, कोणाला का घेतलं आणि कोणाला का गाळलं हे पुरतं न सांगता होणारी नेमणूक मलाही मान्य नाही. पण खोली बंद आहे यावर उपाय खिडकी उघडणं हा आहे, घर लिलावात काढणं हा नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून न्यायाधीशांच्या निवडीसाठी स्वतंत्र आयोग आहे, जागा जाहीर होतात, रीतसर अर्ज करावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत उमेदवारांच्या मुलाखती जाहीरपणे होतात, कोणीही ऐकावं. निवड उघड करा, कारणं छापा, मुदत अशी द्या की परत कोणाच्या दारात जायला लागू नये. आणि चुकीच्या वागण्याची चौकशी करणारी यंत्रणा अशी ठेवा की 'ताकीद' यादीत नाही म्हणून प्रकरण हवेत विरणार नाही. हे सगळं कंटाळवाणं आहे, याचे मोर्चे निघत नाहीत. पण चांगलं इन्फ्रास्ट्रक्चर कंटाळवाणंच असतं.

जाता जाता

केलरबाईंबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती न सांगणं अन्यायाचं होईल. गरीब आरोपींना सरकारी खर्चाने वकील मिळावा यासाठी टेक्सासने २००१ मध्ये कायदा केला. त्यातून निघालेल्या आयोगाचं अध्यक्षपद बाईंनी अनेक वर्षं सांभाळलं. हे काम मोलाचं आहे. पण निवडणुकीत त्याची कोणी दखल घेतल्याचं मला कुठे दिसलं नाही. ना कोणी त्यासाठी मत दिलं, ना कोणी त्यासाठी नाकारलं. तीस वर्षांचं चांगलं आणि वाईट, दोन्ही मतपेटीला दिसलं नाही. दिसली फक्त एका नेत्याची नाराजी.

२००७ च्या त्या प्रकारानंतर काही आठवड्यांत कोर्टाने देहान्ताच्या दिवशीची पद्धत लेखी केली आणि तातडीचे अर्ज ई-मेलने घ्यायला सुरुवात केली. ही दुरुस्ती कुठल्या निवडणुकीने झाली नाही. वकील ओरडले, वर्तमानपत्रांनी लिहिलं, कोर्टाला लाज वाटली, म्हणून झाली. मला विचाराल तर न्यायाधीशाची खरी जबाबदारी ही अशीच वसूल होते. कारणं विचारून, छापून, पुन्हा पुन्हा.

असो. सोमवारपासून या आठवड्याचा ऑन-कॉल माझ्याकडे आहे. फोन उशाशी घेऊन झोपणार आहे.